बाप्तिस्म्यानंतरचा प्रश्न : पंडिता रमाबाईंच्या तारुण्यातील आत्मशोध

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा मराठी पाळक किंवा धर्मशिक्षक विरळाच. परंतु त्यांची जी मूर्ती आपल्या मनात ठसली आहे ती उत्तरवयातील आहे. केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळपीडित मुलींना पोटाशी धरणारी आई, किंवा मूळ भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणणारी वृद्ध विदुषी, ही दोन चित्रे आपण उपदेशांतून वारंवार उभी करतो, आणि ती यथार्थच आहेत. मात्र ही आई आणि ही विदुषी घडली कशी, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. आई-बापांच्या मृत्यूचे वर्ष १८७४ आणि शारदा सदनाच्या स्थापनेचे वर्ष १८८९ यांच्यामध्ये पंधरा वर्षे आहेत. या काळात एक सोळा वर्षांची पोरकी मुलगी पत्नी झाली, विधवा झाली, ख्रिस्ती झाली आणि अखेर स्वतःच्या नावाने एक संस्था उभारणारी स्त्री झाली. प्रस्तुत लेखात आम्ही या पंधरा वर्षांचाच विचार करणार आहोत.

तसे करण्यास कारण आहे. रमाबाईंचा आत्मशोध बाप्तिस्म्याच्या दिवशी पुरा झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्यांच्या पत्रव्यवहारावरून निराळेच दिसते. ज्या विवेकाने त्यांना ख्रिस्ताकडे आणले, तोच विवेक त्यांनी मंडळीच्या दारात काढून ठेवण्यास नकार दिला. त्या नकाराकडे त्यांच्या गुरुजनांनी कसे पाहिले आणि आपण कसे पाहावे, हा आजही आपल्या सेवेला भिडणारा प्रश्न आहे.

दुष्काळातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात आहे. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित होते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीला देववाणी शिकविणे हा त्या काळी अपराध मानला जाई, म्हणून उडुपी येथे विद्वानांपुढे त्यांना आपल्या कृतीचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले. पुढे लक्ष्मीबाईंनीच आपल्या धाकट्या मुलीला शिकविले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने रानातील घर सोडले. त्यानंतर तीर्थांमागून तीर्थे, देवळांच्या ओवऱ्या आणि पुराणकथनावर मिळणारी दक्षिणा हेच त्यांचे जीवन झाले. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते. कानडी, हिंदी आणि पुढे बंगाली या भाषा तिला प्रवासानेच शिकविल्या.

येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठी ख्रिस्ती समाजाची ही थोर कन्या जन्माने व बालपणाने महाराष्ट्राबाहेरची. पुण्यास राहावयास आली तेव्हा तिचे वय चोवीस वर्षांचे होते. तिच्या आध्यात्मिक वाटेवरील एक महत्त्वाचे मार्गदर्शक फादर नीलकंठ नेहेम्या गोरे हेही मूळचे काशीकर मराठी घराण्यातले. बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहून आपण मराठी विश्वासाच्या कडेला आहोत असे ज्यांस वाटते, त्यांनी या दोघांचे स्मरण करावे.

सन १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. जवळचे द्रव्य दानधर्मात व तीर्थविधींत संपले होते. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागण्याची लाज वाटते, आणि देव प्रसन्न होईल ही आशा सुटत नाही, अशा अवस्थेत त्यांनी रानातील पाला खाऊन दिवस काढले. प्रथम पिता गेले, मग माता आणि मग थोरली बहीण. मातेच्या प्रेताला खांदा देण्यास पुरेसे लोक मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. भाऊ श्रीनिवास तिसरा, आणि चौथी रमा. उंची कमी असल्यामुळे तिला ती तिरडी डोक्यावर घ्यावी लागली आणि स्मशान तीन मैल दूर होते. स्त्रीने प्रेत वाहू नये हा शास्त्रार्थ त्या दिवशी कोणाच्या कामी आला नाही. शास्त्र एक सांगते आणि जीवन दुसरेच करावयास लावते, हा पहिला धडा तिने असा डोक्यावर वाहिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

यानंतर भाऊ-बहिणींनी पायी हजारो मैल प्रवास केला. व्रते केली, मूर्तींपुढे उपास केले. फळ न दिसल्यामुळे दोघांचीही श्रद्धा हळूहळू ढळत गेली. याच काळात त्यांनी वाटेवरच्या गावोगावी स्त्रीशिक्षणाचे समर्थन करणारी व्याख्यानेही दिली. बालविधवांची दशा तिने पुस्तकात वाचली नव्हती. ती देवळांच्या पायऱ्यांवर आणि धर्मशाळांच्या कोपऱ्यांत पाहिली होती.

कलकत्त्याची ख्याती आणि शास्त्रांचे वाचन

सन १८७८ मध्ये ही दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. सारा सुशिक्षित समाज तिच्याकडे कौतुकाने पाहू लागला. तो काळच खळबळीचा होता. मुंबई इलाख्यात १८६७ मध्ये प्रार्थना समाज आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला होता. बंगालमध्ये ब्राह्मो समाजात फूट पडून नवे विचार पुढे येत होते. १८७२ च्या कायद्याने जातीबाहेरचा नोंदणी विवाह शक्य झाला होता. सुधारकांना एका विदुषीची गरज होती, आणि ती त्यांना अनपेक्षितपणे सापडली.

कलकत्त्यातील दोन प्रसंग रमाबाईंनी पुढे स्वतः सांगितले आहेत आणि ते आपल्यासारख्यांनी विशेष लक्षपूर्वक ऐकण्याजोगे आहेत. पहिला प्रसंग ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचा. तेथे लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून प्रार्थना करीत होते. पाहणाऱ्या भाऊ-बहिणींची समजूत झाली की, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! त्यांना संस्कृत बायबलची एक प्रत भेट मिळाली. परंतु त्यातील संस्कृत त्यांच्या ओळखीच्या संस्कृताहून इतके वेगळे होते की, वाचन पुढे गेले नाही. सुवार्ता हाती होती, तरी ती पोहोचली नव्हती.

दुसरा प्रसंग केशवचंद्र सेन यांच्या घरचा. वेद वाचले आहेत काय, असे त्यांनी विचारले. स्त्रियांना तो अधिकार नाही, असे रमाबाईंनी उत्तर दिले. तेव्हा त्यांनी वेदाची प्रत हाती ठेवून अभ्यास करण्याचा आग्रह केला. याच सुमारास पडद्यातील स्त्रियांना शास्त्रोक्त स्त्रीधर्म सांगावा, अशी विनंती त्यांना करण्यात आली, आणि त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ नव्याने वाचावयास घेतले. तेथे त्यांना धक्का बसला. ग्रंथ परस्परांशी असंख्य बाबतींत झगडत होते, पण एका बाबतीत त्यांचे एकमत होते. स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, स्वभावतः अपवित्र. पुरुषाला खुला असलेला मुक्तीचा मार्ग तिला खुला नाही. पतिसेवा हाच तिचा देव. शूद्रांविषयीही थोड्या फरकाने हेच सांगितले होते. दुसऱ्यांना शिकविण्यासाठी उघडलेल्या ग्रंथात रमाबाईंना स्वतःविषयीचा निवाडा वाचावयास मिळाला. तो मान्य करणे त्यांना शक्य झाले नाही. आम्हांस वाटते, त्यांच्या आत्मशोधाचा खरा आरंभ येथे आहे.

पत्नी, विधवा, लेखिका

सन १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, प्रांत वेगळा होता, भाषा वेगळी होती. विवाह कोणी जुळवून दिला नाही. निर्णय त्यांचा होता. १८८१ च्या एप्रिलमध्ये कन्या मनोरमा जन्मली. अवघ्या एकोणीस महिन्यांच्या संसारानंतर ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. आसामातील त्या घराच्या पुस्तकांत रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची लहानशी बंगाली प्रत सापडली होती, आणि एका बॅप्टिस्ट मिशनऱ्यांकडून त्यांनी उत्पत्तीतील सृष्टीची कथा ऐकली होती. ती त्यांच्या मनाला भिडली. पतीला मात्र पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे रुचले नव्हते.

तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. समाजाने अशा स्त्रीसाठी कोपरा आणि केशवपन राखून ठेवले होते. रमाबाई त्याच वर्षी पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि सप्टेंबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकविण्यासाठी स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांवर उपचार करण्यासाठी स्त्री वैद्य हव्यात, या मागण्या त्यांनी तेथे निर्भयपणे मांडल्या. सुशिक्षित पुरुषांचा मोठा भाग मनातून स्त्रीशिक्षणास प्रतिकूल आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध झाला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ताराबाई पुरुषांना जाब विचारतात. रमाबाई स्त्रियांना आळस टाकून, शिकून, स्वावलंबी होण्याचा उपदेश करतात, आणि पुष्कळ ठिकाणी जुन्या मर्यादाच सांभाळतात. म्हणजे १८८२ मधील रमाबाई अजून दोष मुख्यतः स्त्रियांच्या अज्ञानात शोधीत होत्या. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर जे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्यात दोष संपूर्ण व्यवस्थेवर ठेवलेला आढळतो. या दोन पुस्तकांमध्ये जे घडले ते समजून घेण्यासाठी आपणांस इंग्लंडला जावे लागेल.

वाँटेज : बाप्तिस्मा

वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने रमाबाई एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून निघाल्या. बरोबर मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला. उतरावयाचे ठिकाण ठरले होते, ते म्हणजे वाँटेज येथील सेंट मेरी धर्मभगिनींचा आश्रम. या संघाचे काम पुण्यात पंचहौद येथेही चालू होते आणि तेथील भगिनींशी रमाबाईंचा परिचय झाला होता. निघताना त्यांचा निश्चय पक्का होता की, काही झाले तरी आपण ख्रिस्ती होणार नाही.

निश्चय बदलला तो वादविवादाने नव्हे. लंडनमधील फुलहॅम येथे धर्मभगिनींचे एक गृह होते. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने सेवा होत असे. रमाबाईंनी ते पाहिले आणि विस्मयाने एका भगिनीला याचे कारण विचारले. तिने शोमरोनी स्त्रीची कथा, योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, वाचून दाखविला. ज्या शास्त्रांत रमाबाई वाढल्या त्यांत अशा स्त्रीसाठी शिक्षा होती. येथे प्रभू तिच्याशी विहिरीवर बसून उपासनेविषयी बोलत होता. धर्मशास्त्रांनी जी वाट बंद केली होती ती येथे उघडी होती. भारतातून येणाऱ्या फादर गोरे यांच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका दूर करण्यास साहाय्य केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला.

या घटनेवर एक गडद छाया आहे आणि ती लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. बाप्तिस्म्यापूर्वी थोडेच दिवस आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथेच आत्महत्या केली. आपणांस बळाने ख्रिस्ती केले जाईल, या भीतीने त्यांच्या मनाने घर केले होते, असे त्या वेळच्या वृत्तान्तांवरून दिसते. तसे बळ कोणी केले नव्हते. तरी परक्या देशात, परक्या भाषेत, चहूबाजूंनी प्रेमळ अपेक्षा असलेल्या घरात एका दुर्बल मनावर केवढा भार पडू शकतो, हे यावरून उमजते. त्याच घरात, त्याच दिवसांत, एक स्त्री मोकळी झाली आणि दुसरी कोसळली. नव्या विश्वासणाऱ्यांची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येकाने ही दुसरी स्त्रीही आठवणीत ठेवावी.

बातमी पुण्यास पोहोचताच टीकेचा भडिमार झाला. कालपर्यंत जिला सरस्वती म्हटले तिला चंचल, कृतघ्न ठरविण्यात आले. अपवाद महात्मा जोतीराव फुले यांचा. १८८५ मध्ये ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाची जाहीर बाजू घेतली. शास्त्रे वाचून त्यांतील पक्षपात ज्या स्त्रीला दिसला, तिने ती सोडली यात नवल काय, असा त्यांचा रोख होता.

चेल्टनम : नवे जू नको

बहिरेपणा वाढत गेल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. १८८४ मध्ये रमाबाई चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्या गणित, विज्ञान व इंग्रजी शिकत आणि संस्कृत शिकवीत. प्राचार्या डोरोथिया बील या उदार व विचारी बाई होत्या. वाँटेजला सिस्टर जेराल्डीन, ज्या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या, त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू होता. पुढील दोन वर्षांची ही पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनीच जपली व संकलित केली, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती ग्रंथरूपाने प्रकाशात आणली. आपल्यावर रुष्ट झालेल्या शिष्येची पत्रेही त्यांनी नष्ट केली नाहीत, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत.

वादाचे विषय वरवर पाहता लहान होते. रमाबाई मांस किंवा अंडी खात नसत, अंडे घातलेले गोड पदार्थही टाळीत. सिस्टरांना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. क्रूसावर कोणत्या भाषेत अक्षरे असावीत, हा दुसरा प्रश्न. रमाबाईंना संस्कृत हवे होते, लॅटिनचा आग्रह त्यांना पटेना. लॅटिन ही काही संस्कृतापेक्षा अधिक पवित्र भाषा नव्हे, असे त्यांनी कळविले. तिसरा प्रश्न मोठा. चेल्टनम येथे भारतात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना त्यांनी संस्कृत शिकवावे, असा विचार निघाला. तेव्हा लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकविणाऱ्या स्त्रीविषयी भारतात गैरसमज होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंचे उत्तर सडेतोड होते. आपली आई रानातील पाठशाळेत तरुणांना शिकवी, आपण स्वतः पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली, तेव्हा पित्याने वा पतीने हरकत घेतली नाही. मग ख्रिस्ती देशात ती का घेतली जावी? आणि आपल्याला न विचारता आपल्याविषयी निर्णय का घेतले जावेत?

वाद पुढे सिद्धान्तांपर्यंत गेला. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, अथानासियन मतांगीकारातील कठोर वाक्ये, यांविषयी रमाबाईंनी निःसंकोचपणे शंका विचारल्या. शिकविलेले शब्द उच्चारावयाचे आणि अर्थ पुढे कधीतरी कळेल म्हणून थांबावयाचे, हे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटेना. मनोरमेला काय शिकवावे यावरूनही खटके उडाले. सिस्टर जेराल्डीन यांनी यास अहंकार म्हटले आणि मंडळीच्या अधिकारापुढे नम्र होण्याचा उपदेश केला. १८८५ च्या मे महिन्यातील एका पत्रात सत्तावीस वर्षांच्या रमाबाईंनी जे लिहिले त्याचा आशय असा : देवाने मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी व विचारशक्ती दिली आहे, तिचा उपयोग मी स्वतःच केला पाहिजे. मोठ्या कष्टाने मी भारतातील पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरविले आहे. तशाच दुसऱ्या जुवाखाली मान देण्याची माझी सिद्धता नाही.

हे वाक्य बंडखोराचे आहे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. रमाबाईंनी ख्रिस्ताचा त्याग करण्याची भाषा एकदाही केली नाही. देवाची आज्ञा मानण्यास त्या तयार होत्या. मनुष्याच्या प्रत्येक शब्दाला देवाची आज्ञा मानण्यास तयार नव्हत्या. कलकत्त्यात ग्रंथ उघडून जो निवाडा त्यांनी नाकारला होता, तो वेगळ्या पोशाखात पुन्हा पुढे येत आहे की काय, एवढेच त्या तपासून पाहत होत्या. या कसोटीखाली शास्त्री, पंडित गेले, तसेच बिशपही गेले. यात सातत्य आहे.

सिस्टर जेराल्डीन यांनाही न्याय दिला पाहिजे. आपल्या हातून बाप्तिस्म्याला आलेला आत्मा वाटेत हरवेल, ही काळजी खरीखुरी होती, आणि ज्याने असा आत्मा सांभाळला आहे त्याला ती समजेल. चूक काळजीत नव्हती. ती काळजीला हुकमाचे रूप देण्यात होती. बीलबाईंनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी रमाबाईंच्या शंका अखेरपर्यंत ऐकून घेतल्या, स्वतःचे मत मांडले, आणि घाई केल्यास ही मुलगी दुरावेल, अशी सूचना वाँटेजलाही दिली. रमाबाई मंडळीपासून तुटल्या नाहीत, यात या संयमाचा वाटा मोठा आहे असे आम्ही समजतो.

बोस्टन ते मुंबई

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात मिळणाऱ्या वैद्यकीय पदवीचे. अल्पकाळासाठी गेलेल्या रमाबाई तेथे सुमारे तीन वर्षे राहिल्या. बालोद्यान-शिक्षणाची पद्धत शिकल्या, देशभर व्याख्याने दिली, आणि १८८७ मधील वर उल्लेखिलेल्या पुस्तकाने सहानुभूती जागृत केली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि भारतात विधवांसाठी काढावयाच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे त्याने मान्य केले. तेथे शिकणाऱ्या कोणाही मुलीच्या धर्मात हस्तक्षेप होणार नाही, ही अट होती. ज्या स्त्रीने स्वतःवर धर्माची सक्ती होऊ दिली नव्हती, तिने दुसऱ्यांवर ती न करण्याचे वचन दिले, हे तर्कशुद्धच आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या, तेव्हा मोठे वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध सोडला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावले नाही आणि सक्तीही केली नाही. या भूमिकेची किंमत त्यांना दोन्ही बाजूंनी द्यावी लागली. हिंदू टीकाकारांना त्या धूर्त मिशनरी वाटल्या, आणि कित्येक ख्रिस्ती मित्रांना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत.

चेल्टनमच्या शंकांचे पुढे काय झाले, असा प्रश्न वाचक विचारतील. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत रमाबाईंनी स्वतः उत्तर दिले आहे. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु त्या धर्माचा जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास मिळाला, असे त्या सांगतात. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी! तोवर कोणीही त्यांना हुकमाने तेथे नेऊ शकले नव्हते. प्रभूने त्यांना स्वतःच्या वेळी, शंका विचारण्याची पुरी मोकळीक घेतलेल्या वाटेनेच तेथे आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे मराठी पवित्र शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कलकत्त्यात हाती आलेली परक्या भाषेतील प्रत ज्यांना वाचवेना, त्यांनीच साध्या बायामाणसांना वाचता येईल अशी प्रत देऊन जीवनकार्य पुरे केले.

आपल्या सेवेसाठी

या इतिहासातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट : आपल्या वर्गात प्रश्न विचारणारी तरुण मुलगी ही बहुधा विश्वासाच्या मार्गावर असते. जिला काही देणेघेणे नाही ती गप्प बसते. थोमाला प्रभूने शंकेबद्दल बाहेर घातले नाही, हात पुढे केला. दुसरी गोष्ट : नवीन विश्वासणाऱ्याच्या भाषेला, आहाराला, पूर्वजांच्या विद्येला आपण सुवार्तेच्या आड येणारी गोष्ट समजतो, तेव्हा सुवार्तेचे रक्षण करीत आहोत की आपल्याच सवयींचे, हे तपासावे. संस्कृत अक्षरे असलेला क्रूस कमी क्रूस नव्हता. तिसरी गोष्ट आम्हां सर्वांना अधिक जड जाईल. मंडळीत स्त्रीविषयीचे निर्णय आजही पुष्कळदा तिला न विचारता घेतले जातात. शास्त्रींच्या सभेत जे चुकले ते पंचांच्या सभेत बरोबर कसे ठरेल?

बाप्तिस्म्याच्या तयारीत आपण उमेदवारांना प्रश्न विचारतो आणि त्यांनी पाठ केलेली उत्तरे ऐकून समाधान मानतो. तो क्रम बंद करावा असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्याच वर्गात एक तास असा ठेवावा की, ज्यात उमेदवाराने विचारावे आणि पाळकाने किंवा धर्मशिक्षकाने ऐकावे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक नाही तेथे तसे सांगण्याचा संकोच करू नये. रमाबाईंसारखी व्यक्ती प्रत्येक पिढीत एखादीच येते. पण ती ज्या दाराने येते, ते दार प्रत्येक मंडळीत असते, आणि ते सांभाळण्याचे काम आपल्याकडे सोपविले आहे.